प्री-बिडकर

निविदेच्या पान 87 वर दुसऱ्याच महापालिकेचं नाव तसंच राहून गेलंय, हे साहेबांच्या आधी प्री-बिडकरांना कळतं. आडनाव मी ठेवलेलं. पण राज्यात कुठंही निविदापूर्व बैठक असो, हे गृहस्थ हजर. अंगात सफारी, काखेत फुगलेली बॅग. आल्या आल्या हजेरीपत्रक न्याहाळतात, सही मात्र सगळ्यांत शेवटी करतात. कोण कोण आलंय ते आधी कळलेलं बरं!

सरकारचा हेतू चांगलाच आहे. बोली लावण्याआधी धंद्यातल्या माणसांनी शंका विचाराव्यात, न जमणाऱ्या अटी दाखवाव्यात आणि उत्तरं सगळ्यांना सारखीच मिळावीत. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही अशा बैठकीची सोय आहे. गोची एवढीच, की प्रश्न विचारला की हातचे पत्ते दिसतात. म्हणून बाकीचे मुकाट वडा खातात. प्री-बिडकर बोलतात, पण जनहितार्थ.

"साहेब, ज्येष्ठांच्या गुडघ्यांचा विचार करता उद्यानातल्या बाकाची उंची साडेत्रेचाळीस सेंटिमीटर हवी."

निविदेत पंचेचाळीस आहे. साडेत्रेचाळीसचा साचा कुणाच्या कारखान्यात पडून आहे, हे वड्यांसकट सगळ्या खोलीला ठाऊक. कोपऱ्यातला एक नवखा पोरगा धीर करतो, "तीन वर्षांच्या उलाढालीची अट जरा शिथिल..."

"छे छे! तिथं तडजोड नको. दर्जाचा प्रश्न आहे."

साहेब गोड हसतात, "लेखी द्या." लेखी तयारच असतं: पान, अट, सध्याची तरतूद, सुचवलेला बदल. मग संकेतस्थळावर उत्तरं चढतात. 'निविदेतील अटीनुसार.' 'निविदेतील अटीनुसार.' ओळीनं तेच. मध्येच कुठंतरी, 'मान्य. शुद्धिपत्रक पाहावे.' सोबत मुदतवाढ.

एवढं असूनही त्यांना हाकलू नये. ते जाडजूड बाड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस त्या खोलीत बहुधा हा एकच. खाऱ्या वाऱ्यात साधा रंग टिकणार नाही, बाक दोन पावसाळ्यांत गंजतील, हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते खरं होतं. साहेबांनी त्यांचं जरूर ऐकावं, वर चहाही पाजावा. बाकाची उंची मात्र ज्येष्ठांना बसवून, स्वतः टेप लावून ठरवावी.