घडवंचीवर मनीप्लांट

अहो वहिनी, ते धुणं राहू द्या घटकाभर, या इकडं कुंपणाशी. मोशीला जाऊन आले ना लेकाकडं! नवा फ्लॅट घेतलाय, लिफ्ट-बिफ्ट सगळं आहे. ते काही सांगत नाही मी. दार उघडलं अन् समोर काय असेल? आपली घडवंची! सासूबाईंची हो, जिच्यावर पाण्याचे हंडे मांडायचो. दारात नळ आला तेव्हापासून गोठ्यात पडली होती, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. दिवाळीला सूनबाई म्हणाली, “आत्या, ही नेऊ का?” मला वाटलं, फ्लॅटात चूल मांडतीय की काय. तर तिनं घासून, तेल पाजून, हॉलमध्ये उभी केलीय. वर पितळी हंडा. आणि हंड्यात मनीप्लांट!

मी तिथंच मटकन बसले. ज्या हंड्यापायी आपली मान गेली, टाळू घासली, तो आता शोभेला. कुकडीची धरणं पाच, येडगाव काय, माणिकडोह काय, पण पाणी सगळं खाली वाहतं आणि आपण पठारावरून बघतो. टँकरचा भोंगा वाजला की भाकरी तव्यावर टाकून पळायचो आपण. आणि ही म्हणते, “आत्या, किती व्हिंटेज दिसतंय ना!” म्हटलं, दिसतंय बाई. उद्या पौषातल्या यात्रेला याल आणि रंगदास स्वामींच्या आमटीची कढई मागाल, कमळं लावायला.

बरं, पलंग सेकंडहँड. हो, दुसऱ्याचा वापरलेला! हिंजवडीतली पोरं बंगळूरला बदलून जातात, सामान न्यायला टेम्पो परवडत नाही, मग मोबाईलवर फोटो टाकून निम्म्याच्या खाली विकतात. मी लेकाला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, चौकशी केलीस का? त्याच्यावर कुणी गेलं-बिलं नाही ना? आपल्यात माणूस गेला की तेराव्याला शय्यादान करतात, आणि हा विकत घेऊन येतोय. तर म्हणतो, “आई, विकणारा चांगला धडधाकट होता, पलंग उतरवायला त्यानंच हात लावला.” मग झोपले बाई. झोपही लागली, खोटं कशाला बोलू.

खुर्च्या पुण्याच्या जुन्या बाजारातल्या. बुधवारी नि रविवारी भरतो. मुंबईवाली नणंद नाक मुरडते, तिच्याकडं जोगेश्वरीला ओशिवऱ्याचा फर्निचरबाजार आहे ना, पुण्याचं तिला कशाला आवडेल! पण सूनबाईची नजर पक्की. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तशी ती खुर्चीचे पाय बघते. उलटी करते, खाली पिवळा भुसा सांडलाय का बघते, सांडला असला की कीड आहे म्हणून सोडून देते. सांध्यात टाचणी फिरवते, ढेकूण असले तर तिथंच सापडतात. सागाचं लाकूड तेलकट, त्याला वाळवी सहसा लागत नाही, हेही तिला ठाऊक. शेजारणीनं पावणेदोन वर्षांमागं नवं कोरं कपाट घेतलं, भुसा दाबून केलेल्या फळीचं. फरशी पुसताना पाणी मुरलं आणि खालून पावासारखं फुगलं. ते बघितल्यावर मी सुनेला नावं ठेवायची बंद केली. तोंडावर तरी.

आता झाडं. अहो, घरात पाय ठेवायला जागा नाही! गॅलरीत झाडं, न्हाणीत झाडं, टीव्हीच्या उशाशी सापाच्या फण्यासारखी उभी पानं. म्हणे हवा शुद्ध होते. आमचा पुतण्या आहे ना, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन-येऊन असतो, त्यानं फोनवरच विषय काढला. म्हणाला, १९८९ साली नासावाल्यांनी बंद पेटीत झाडं ठेवून तपासलं होतं, तिथं हवा सुधारली खरी. पण घर म्हणजे काही बंद पेटी नाही. २०१९ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी तसले सगळे प्रयोग मांडून हिशेब केला, तर घरात खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतकं काम करायला चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडं लागतील. चौरस मीटरला! म्हणजे माणसांनी जिन्यात झोपायचं. मी म्हटलं, खिडकी उघड की गं. ती म्हणते, धूळ येते. घ्या.

आणखी एक. मनीप्लांट अळूच्याच कुळातला. कच्च्या अळवानं घसा खवखवतो की नाही, तसंच ह्याचं पान चघळलं तर तोंडाची आग होते. आणि आमचा नातू आता रांगायला लागलाय, दिसेल ते तोंडात घालतो. हंडा घडवंचीवरून उचलायला लावला, वरच्या फळीवर ठेवला. हे मात्र सुनेनं निमूट ऐकलं.

पण त्या सापाच्या झाडाची पानं पिवळी पडून मऊ झालेली. बुडाशी बोट घातलं तर चिखल! रोज तांब्याभर ओततात. म्हटलं, पोरी, हे आफ्रिकेतल्या कोरड्या रानातलं झाड, माती वाळल्याशिवाय त्याला थेंब देऊ नको. दुसऱ्या मातीत बसवून दिलं. आता फोनवर फोटो पाठवते, नवं पान फुटलंय. तिच्या मैत्रिणीही विचारतात म्हणे, किती पाणी घालायचं ते तुझ्या सासूला विचार. पठारावरच्या बाईला कमी पाण्यात कसं भागवायचं हे कुणी शिकवावं लागतं का? एवढ्यापुरती मी मोशीत फार मोठी झाले.

हसू नका. नाही हो, तसं खास काम काही नव्हतं. म्हणजे, तुमच्या पडवीत ते फडताळ आहे ना, दार निखळलेलं, ज्यात तुम्ही युरियाच्या रिकाम्या गोण्या कोंबल्यात? सहज विचारते. सागाचंच ना? भंगारवाल्याला देणार आहात असं कानावर आलं. तो काय देणार, तीनशे? मी चारशे देते.

अगं बाई, सहाशे कशाचे? दार निखळलंय म्हणतेय ना मी!