सहकुटुंब सहपरिवार साहस

जंगलातल्या साहस उद्यानात जायला धैर्य लागतं, हा एक गैरसमज आहे. लागतं ते रविवारी सकाळी सहाला घरातल्या सात माणसांना एका गाडीत बसवण्याचं कसब. हे ज्याला साधलं, त्याने पुढे झाडावर पाऊल ठेवलं नाही तरी चालेल. त्याच्या वाट्याचं साहस खालापूरच्या फूड मॉलपाशीच, वड्याच्या रांगेत, पूर्ण झालेलं असतं.

प्रस्तुत मार्गदर्शन मुंबई-पुण्याच्या कुटुंबांसाठी आहे. लोणावळा, मावळ, मुळशी, कर्जत या पट्ट्यात जांभूळ, हिरडा, ऐन यांच्या रानात पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी त्या तारांना माणसं लटकलेली असतात. जाण्याचा योग्य काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. अर्थात आपण जुलैत जाणार. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आपल्या बुकिंगच्या दिवसासाठी राखून ठेवलेला असतो. जोराचा वारा, विजा किंवा झोडपणारा पाऊस असला की तारेवरचे खेळ बंद ठेवतात. त्यावरून काउंटरवर भांडू नये. विजा कडाडत असताना लोखंडी तारेला स्वतःला टांगून घेण्याचा हक्क मागणं ग्राहक चळवळीला शोभत नाही.

तिकीट काढण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागावं. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र मागितलं की मागची रांग उसासे टाकते, मुलगी “बाबा, प्लीज!” म्हणते, पत्नी ओळख नसल्यासारखी दुसरीकडे पाहते. तरीही मागावं. संपूर्ण सहलीतलं खरं धाडस हेच.

मग डिक्लेरेशन फॉर्म. सोसायटीच्या वार्षिक अहवालातल्या झेरॉक्सच्या खर्चावर पाऊण तास बोलणारा गृहस्थ हा फॉर्म न वाचता सही करून मोकळा होतो. त्यात रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचं दुखणं, गरोदरपण यांची विचारणा असते आणि ती गंभीरपणे घ्यायची असते. त्यानंतर वजनकाटा. वजनाला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, आणि आकडा सर्वांसमक्ष मोठ्याने पुकारला जातो. लग्नाला वीस वर्षं झालेल्या जोडप्यांना एकमेकांबद्दल नवी माहिती मिळण्याच्या जागा आता फार उरलेल्या नाहीत. ही त्यांतली एक.

हार्नेस हा पट्ट्यांचा एक गुंता असून तो लंगोट आणि शाळेचं दप्तर यांच्या मधोमध कुठेतरी येतो. मांडीवरचा पट्टा इतका आवळायचा, की तळहात सपाट सरकला पाहिजे पण मूठ जाता कामा नये. पोटावरचा पट्टा घालताना श्वास रोखून पोट आत घेऊ नये. प्लॅटफॉर्मवर श्वास सुटतो, पट्टा मात्र सुटत नाही. पंजाबी ड्रेसची ओढणी आणि पाचवारी साडी इथे चालत नाहीत. नऊवारी तत्त्वतः चालायला हरकत नव्हती, पण तो मुद्दा काउंटरवर कुणी ऐकून घेत नाही.

याच सुमारास आजोबा म्हणतात, “आमच्या वेळी हे सगळं फुकट होतं. दोरीच्या मल्लखांबावर हार्नेस कुठला?” त्यांचं म्हणणं चूक नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांब ऊर्जितावस्थेला आणला, तोही विमा न उतरवता. पण आजोबांना गप्प करायचं असेल तर जॉर्ज एबेर हे नाव घ्यावं. हा फ्रेंच नौदलातला अधिकारी. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखी फुटला तेव्हा तो तिथल्या मदतकार्यात होता. अंगातलं बळ प्रसंगी दुसऱ्याच्या उपयोगी पडलं पाहिजे, या ध्यासातून त्याने पळणं, चढणं, तोल सांभाळणं यांची शिकवण बेतली आणि अडथळ्यांचे मार्ग रचले. आजच्या रोप कोर्सची, म्हणजे या दोर-तारांवरच्या खेळांची, वंशावळ त्याच्यापर्यंत नेतात. त्याच्या शिष्यांनी आगीतून माणसं काढावीत अशी अपेक्षा होती. आपण बर्मा ब्रिजच्या, म्हणजे दोरांच्या झुलत्या पुलाच्या, मध्यावर उभं राहून “फोटो आला का?” विचारतो.

आता प्रत्यक्ष चढाई. हार्नेसला दोन दोऱ्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे उघडमीट होणारी कडी. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना आधी एक काढून पुढच्या तारेत अडकवायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. काही ठिकाणी तर एक बंद असल्याशिवाय दुसरा उघडतच नाही, अशी सोय असते. आईबाबांच्या रागाला अशी सोय निघाली तर परीक्षेच्या दिवसांत घरोघरी बसवावी.

मधल्या प्लॅटफॉर्मवर पाय लटपटू लागले की खाली पाहू नये, झाडाकडे पाहावं. जांभळाच्या खोडाभोवती तार गेलेली असते, आणि तार व साल यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे बसवलेले दिसतात. झाडाचं अन्न सालीखालून वाहतं, तार थेट सालीवर चारी बाजूंनी आवळली तर झाड हळूहळू मरतं. ठोकळे नसतील, तार सालीत रुतलेली असेल, तर त्या उद्यानात पुन्हा जाऊ नये. जो झाडाची काळजी घेत नाही तो तुमच्या जावयाची काय घेणार? ठोकळ्यावरून मुंगळ्यांची रांग चाललेली असते. तुमच्यामुळे तिचा रस्ता अडला आहे आणि ती तो तुमच्या बोटांवरून काढणार आहे. किंचाळू नये. खालून कुटुंब व्हिडिओ घेत असतं.

इन्स्ट्रक्टर बहुधा शेजारच्या गावातला, विशीतला. याच रानात तो लहानपणी जांभळं, करवंदं खात विनातिकीट, विनाहेल्मेट हिंडला. आता आपल्याला तिकीट लावून त्याच झाडांवर चढवतो. त्याचं लक्ष आपल्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे नसतं. तो कॅराबिनरचा स्क्रू फिरवतो, अंगठ्याने दाबून पाहतो, दोरीला एक हिसका देतो, मग मांडीचा पट्टा, मग हनुवटीचा. आपल्यामागे पन्नास माणसं उभी असली तरी प्रत्येकाला हेच, याच क्रमाने. शौर्याचं सर्टिफिकेट आपल्याला मिळतं, पण दिवसभराची सगळी जबाबदारी या पोराच्या अंगठ्यावर असते. त्याच्याशी “ए भाऊ, लवकर कर ना” या सुरात बोलू नये. सुरात फरक पडला तरी तपासणीत पडत नाही, हे आपलं नशीब.

झिपलाइनच्या टोकाशी तो म्हणतो, “काका, उडी नाही मारायची. फक्त बसायचं.” ‘काका’ हा पहिला घाव, तो सोसावा. दुसरा घाव असा, की जन्मभर खुर्चीत बसून काढलेल्या माणसाला इथे बसता येत नाही. गुडघे ऐकत नाहीत. मागून सासूबाई “अहो, होतंय का?” विचारतात. अशा वेळी शास्त्राचा आधार घ्यावा. तारेला मध्ये झोळ असतो. वरून सुटलेला माणूस झोळापर्यंत वेग घेतो, पुढच्या चढावर त्याचा वेग कमी होतो. जडशीळ माणसाला वारा फारसा अडवू शकत नाही, तो दिमाखात पैलतीरी पोहोचतो. हडकुळ्याचा वेग आधीच संपतो आणि तो मागे घसरत झोळात येऊन लोंबकळत राहतो. वजनकाट्यावर झालेल्या अपमानाची भरपाई निसर्ग इथे करतो. रोज सकाळी टेकडीवर जाऊन इतरांना आहाराचे सल्ले देणारा मेव्हणा दरीच्या मधोमध लटकला आहे आणि दोर घेऊन त्याला आणायला पोरगा निघाला आहे, हे दृश्य कुटुंबप्रमुखाने कठड्याला टेकून, घाई न करता पाहावं.

आजी कशावरही चढत नाही. खालच्या बाकावर पिशव्या, चपला आणि सगळ्यांचे चष्मे सांभाळते. मात्र दोन तासांत इन्स्ट्रक्टरचं गाव, आडनाव, भातशेती किती, बहिणीचं लग्न कुठे ठरलं, हे सगळं तिला ठाऊक झालेलं असतं. जेवणाच्या वेळी तो तिच्या ताटात पिठल्याचा दुसरा डाव घेऊन येतो. आपण मागितला तर वेटर “एक्स्ट्रा चार्ज” म्हणतो.

निघण्यापूर्वी हेल्मेट परत करावं. ते डोक्यावर ठेवूनच भाकरी मोडणारे गृहस्थ दर रविवारी दोन-तीन तरी निघतात. फोटोंचे पैसे वेगळे पडतात. घासाघीस करून मेव्हण्याचा तेवढा घ्यावा.