कोण म्हणतं आळशी?

जानेवारी 1992 मध्ये जपानी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती योशिओ साकुराउची यांनी अमेरिकन कामगारांना सरळ आळशी ठरवलं. वर त्यांच्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला धड वाचताही येत नाही, असंही सांगून टाकलं. अमेरिकेत संतापाचा डोंब उसळला, तो साहजिकच होता. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटमध्ये तेव्हा अमेरिकन कामगारच टोयोटाची कोरोला बनवत होते, तेही कित्येक वर्षं. सभापतींनी एकदा तिकडे बघायला काय हरकत होती?

हा कारखाना मूळचा जनरल मोटर्सचा. पाचातला एक कामगार गैरहजर, तक्रारींचा ढीग, कामाच्या वेळेत दारू. 1982 मध्ये कंपनीने टाळं ठोकलं. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो ‘न्यूमी’ म्हणून पुन्हा उघडला आणि भरती झाली ती बहुतेक जुन्याच माणसांची, जुन्या युनियनसकट. शेकडो जणांना शिकायला जपानला धाडलं.

बरंच काही बदललं, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती दोरी. पूर्वी काहीही होवो, लाइन थांबवायची नाही, असा दंडक होता. बोल्ट वाकडा बसला तरी गाडी पुढे सरकायची, निस्तरणं मागाहून. न्यूमीत कामगाराच्या हाताशी दोरी आली. चूक दिसली की ओढायची. दिवा लागायचा, टीम लीडर धावत यायचा आणि वेळेत निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबायची. दोरी ओढली म्हणून कुणी झापत नसे. दोनेक वर्षांत तिथलं काम जपानमधल्या टोयोटाच्या तोडीला आलं, गैरहजेरीही पार खाली आली. माणसं तीच होती. नालायक होता तो आधीचा कारभार, आणि त्याचं खापर इतकी वर्षं कामगारांच्या माथी फुटत होतं.

गिऱ्हाइकांनीही काही डोळे उघडून पाहिलं नाही. त्याच लाइनवर जनरल मोटर्सची जिओ प्रिझम बनायची. सांगाडा कोरोलाचाच, इंजिनही तेच. तरी कोरोला महाग विकली जायची, जुन्या बाजारातही तिला भाव जास्त. प्रिझम खपवायला मात्र सूट द्यावी लागे. जपानी नावासाठी अमेरिकन माणूस जादा डॉलर मोजत होता, आणि दोन्ही गाड्या जोडणारे हात त्याच्याच देशातले होते.