वर्तुळात सापडलेलं शिवार

मेट्रोच्या नकाशावर स्टेशन म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्यावर कंपासचं टोक रोवायचं, 500 मीटरची त्रिज्या धरायची, गर्रकन एक फेरा मारायचा, की विकास झाला. पुण्याच्या मेट्रोला लागू असलेली रीत हीच आहे. वर्तुळाच्या आत रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचं क्षेत्र पाहून चटईक्षेत्र निर्देशांक थेट चारपर्यंत चढतो. जुन्या वस्तीत याला अर्थ आहे, कारण तिथे ठिपक्याखाली निदान स्टेशन असतं. पण कंपास आता शिवारात उतरलाय. इथे ठिपक्याखाली उभा ऊस आहे आणि ठिपक्याशेजारी कंसात 'नियोजित' असं लिहिलंय. साल लिहिलेलं नाही. वर्तुळ मात्र पक्कं आहे, आणि त्याच्या पोटात 78.5 हेक्टर, म्हणजे सुमारे 194 एकर जमीन बसते. गुंठ्यांत सांगायचं तर साधारण 7,760. गुंठ्यांतच सांगायला हवं, कारण अशा शिवारात एकरात बोलणारा माणूस आता फक्त पाणीपट्टी भरायला जातो.

वर्तुळाचा मोठा गुण असा की त्याला काही दिसत नाही. ओढा दिसत नाही, कालवा दिसत नाही, सहा पदरी हायवे दिसत नाही. बांध तर नाहीच नाही. एकाच गटाचे दोन तुकडे करून ते निघून जातं. आज्याने काढलेली विहीर आत, तिच्यावर भिजणारं वावर बाहेर. थोरल्याची पोटखराबी आत, धाकट्याची काळी जमीन बाहेर. चार पिढ्यांत वाटण्यांची जेवढी भांडणं झाली नसतील तेवढी एका फेऱ्यात लागतात, आणि यात कुणाचा दोष काढावा तर तोही काढता येत नाही. कंपास कुणाचा नातेवाईक नसतो. (नकाशावर ठिपका कुठे द्यायचा हे ज्याला आधी कळतं, त्याचे नातेवाईक असतात.)

मुळातली कल्पना चांगली आहे, हे कबूल करायला हरकत नाही. लोकांनी स्टेशनजवळ दाट राहावं, चालत जावं, गाडी घेऊ नये, रस्ते मोकळे राहावेत. 500 मीटर हा आकडा आला तो माणसाच्या पायांवरून. पण नकाशावर येईपर्यंत त्यातले पाय गळून गेले आणि फक्त आकडा उरला. वर्तुळाची त्रिज्या कावळ्याला लागू पडते. रस्ते अगदी काटकोनात, आखीव असले तरी वर्तुळाच्या कडेवरच्या माणसाला सुमारे 700 मीटरपर्यंत चालावं लागतं, हे शाळेतल्या भूमितीनेच सांगता येतं. आणि आमचे रस्ते आखीव नसतात. पूर्वी जी बैलगाडीची वाट होती तिच्यावरच डांबर पडतं, आणि दोन्ही बाजूंना येते ती भिंत. या भिंतीबद्दल बोलायलाच हवं. पाच, दहा, पंधरा एकरांचा एकेक गृहप्रकल्प, त्याला आठ फुटी भिंत, भिंतीवर काटेरी तार आणि संपूर्ण घेराला मिळून एक फाटक. ते फाटक स्टेशनच्या बाजूला कधीच नसतं, कारण त्या बाजूला गाड्यांना वळायला जागा नसते. म्हणजे बाल्कनीतून स्टेशनचा जिना दिसतो, गाडीची घोषणासुद्धा ऐकू येते, पण तिथे पोचायचं तर भिंतीच्या आतून अख्खी प्रदक्षिणा, मग फाटक, मग बाहेरून उलटी प्रदक्षिणा, मग पदपथ नसलेला रस्ता, त्यावर डंपर, खडी, फुटलेली जलवाहिनी आणि तिच्यात उभं असलेलं भाजीचं दुकान. भिंतीत चार फुटांची एक दिंडी ठेवा म्हटलं तर सुरक्षेचा प्रश्न येतो. अहो, कसली सुरक्षा? चालणाऱ्या माणसापासून? ज्या चालणाऱ्याच्या नावावर चटईक्षेत्र चारपर्यंत नेलं, त्याच्याच तोंडावर तार लावायची, आणि खाली तळघरासकट तीन मजले पार्किंग, घरटी दोन गाड्या! मेट्रोच्या नावाने उभ्या राहणाऱ्या इमारतीला दोन गाड्यांची जागा लागते, हे मंजुरीचा शिक्का मारणाऱ्या हाताला एकदाही खटकू नये?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोकांना घरं नकोत का? हवीत की. पण वर्तुळ पडलं त्या दिवशीच गुंठ्याचा भाव उडाला, आणि जो रोज मेट्रोने जाईल त्याच्या पगारात त्या भावाचं घर बसत नाही. तो वर्तुळाच्या बाहेर आणखी पाच किलोमीटरवर खोली घेतो आणि दुचाकीने जातो. स्टेशनभोवतीच्या विकासासाठी केंद्राने केलेल्या 2017 च्या धोरणात अशा पट्ट्यातल्या चटईक्षेत्राचा किमान 30 टक्के वाटा परवडणाऱ्या घरांना द्यावा असं सुचवलेलं आहे. कंपासमध्ये ती सोय नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: शेतकऱ्यालाच जमीन विकायची आहे, तुम्ही पेठेत बसून हिरवळीचे उमाळे का काढता? खरंय. उसाचं बिल वेळेवर येत नाही आणि पोरांना शेतीत राहायचं नाही, तेव्हा त्याने विकू नये असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. पण बघा, विकतो कधी. आराखड्यात शेतीच्या हिरव्याचा निवासी पिवळा होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी गावात पांढऱ्या गाड्या फिरू लागतात, विसार दिला जातो, साठेखत होतं, कुलमुखत्यारपत्रावर अंगठे उठतात. रंग बदलतो तेव्हा सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच असतं आणि भाव दुसऱ्याच्या खिशात असतो. शेतकऱ्याचा कैवार घ्यायचा तर नगररचना योजना 1966 च्या कायद्यात आहेच. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करा, रस्ते, शाळा, पदपथ काढून घ्या, उरलेले भूखंड मूळ मालकांना परत द्या. त्यात थोरला-धाकटा दोघंही येतात. पण या योजनेला वेळ लागतो, माणसं लागतात आणि आत-बाहेरची गंमत राहत नाही.

मेट्रोला पैसा जमिनीतूनच उभा करावा लागतो, हा तिसरा मुद्दा. करा ना. पण मग गाडी धावू लागल्यावर वाढीव चटईक्षेत्र द्या आणि त्या दिवशीच्या भावाने अधिमूल्य घ्या. स्टेशन आज कागदावर असेल तर चटईक्षेत्रही कागदावरच राहू दे. आत्ता होतं ते उलटं: इमारत आधी, टँकर लगेच, पदपथ 'दुसऱ्या विभागाकडे', गाडी यथावकाश.

विकास आराखड्यात असा फेरबदल करायचा तर त्याच 1966 च्या कायद्याच्या कलम 37 खाली हरकती-सूचनांसाठी महिनाभराची नोटीस निघते. तेवढ्या मुदतीत प्रत्येक वर्तुळातल्या एकाने तरी लेखी अर्ज टाकावा. पर्यावरण, वारसा, काळी आई यातलं काही लिहू नये, त्याची उत्तरं तयार असतात. एवढंच मागावं की त्रिज्या कागदावर न मोजता पायी मोजावी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेवटच्या गटाच्या बांधाशी गाडी सोडावी आणि नियोजित जिन्यापर्यंत फाइल घेऊन चालत जावं. कालवा आडवा आला तर वर्तुळ कालव्याशी संपलं असं तिथेच पंचनाम्यात लिहावं आणि खाली सही करावी.