सर, शिवसेना कोणती?

शिक्षकानं वर्गात राजकारण आणू नये, यावर महाराष्ट्रात सर्वपक्षीय एकमत आहे. आमदारांच्या पगारवाढीनंतर एवढं एकमत आम्ही दुसऱ्या कुठल्याच प्रश्नावर पाहिलेलं नाही. शिक्षणसंस्थांचे अध्यक्षसाहेब तर हे दर 15 ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून माइकवर बजावतात. असे अध्यक्षसाहेब प्रत्येक तालुक्यात एक तरी असतातच. मागच्या टर्मला ते आमदार होते, या खेपेला थोडक्यात पडले. शाळेला त्यांच्या वडिलांचं नाव, कमानीवर त्यांचा स्वतःचा हसरा फोटो आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत चिरंजीवांचा उल्लेख ‘युवा नेते’. आचारसंहिता लागली की कमानीवर कापड चढतं. कमानीच्या आत मात्र राजकारणाला सक्त मनाई!

अशाच एका शाळेत दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, असं धरून चालू. विषय 40 गुणांच्या पेपरचा, त्यातही राज्यशास्त्र म्हणजे पुस्तकाच्या शेपटाला बांधलेलं. इतिहास कसाबसा आटोपून सर तिसऱ्या पाठाशी येतात. पाठाचं नाव ‘राजकीय पक्ष’. सर फळ्यावर नाव लिहितात, खाली रेघ ओढतात, हाताचा खडू झटकतात आणि वळतात, तोच मागच्या बाकावरून हात वर.

“सर, शिवसेना कोणती?”

प्रश्न एका ओळीचा. उत्तरासाठी सरांना आधी 2022 सालची फूट सांगावी लागते. मग निवडणूक आयोगानं फेब्रुवारी 2023 मध्ये नाव आणि धनुष्यबाण कुणाला दिलं ते, मग मे महिन्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग जानेवारी 2024 मधला विधानसभा अध्यक्षांचा. ही सगळी नुसती माहिती झाली, मत कुठेच नाही. पण माहिती देतानाही आवाज कुठे चढला, कुठे पडला, ‘बंड’ म्हटलं की ‘उठाव’ म्हटलं, याची नोंद वर्गात होत असते. पहिल्या बाकावर एका शाखाप्रमुखाची मुलगी बसलीय, तिसऱ्या बाकावर दुसऱ्या शाखाप्रमुखाचा मुलगा. दोघं सख्खे चुलत भाऊबहीण आहेत आणि गेल्या दोन दिवाळ्या त्यांच्या घरी वेगवेगळ्या झाल्यात.

सर घाम पुसतात, तोवर दुसरा हात वर होतो. “आणि राष्ट्रवादी?”

पुस्तक 2018 सालचं. त्यात हा पक्ष राष्ट्रीय पक्षांच्या पंगतीत बसलाय. एप्रिल 2023 मध्ये आयोगानं त्याचा राष्ट्रीय दर्जा काढला, जुलैत पक्षच फुटला आणि पुढच्या फेब्रुवारीत नाव आणि घड्याळ एका गटाकडे गेलं. पुस्तक लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या राज्यात मुख्यमंत्री कोण झाला हे खुद्द आमदारांना पहाटे टीव्ही लावल्यावर कळतं, तिथे पाठ्यपुस्तक मंडळानं पाच वर्षं पुढचं काय ओळखावं?

मग सर ते वाक्य उच्चारतात. महाराष्ट्रातल्या तमाम शिक्षकांना आजवर याच वाक्यानं तारलंय.

“हे परीक्षेला येणार नाही. पुढे चला.”

वर्ग पुढे जातो. सरांनी मत दिलं नाही, नोकरी शाबूत राहिली, लोकशाही बचावली. मुलं तेवढी एक धडा शिकली: ज्या गोष्टीवरून घरात दोन दिवाळ्या होतात, ती पोर्शनमध्ये नसते.

आता या मतहीन सरांचा वर्गाबाहेरचा दिवस पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानं शिक्षकाला अशैक्षणिक कामं द्यायला बंदी आहे. अपवाद फक्त तीन: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. आपल्याकडे निवडणूक ही बारमाही आपत्ती असल्यामुळे सर कायम अपवादातच असतात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून ते दारोदार फिरून मयत मतदार शोधतात. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष म्हणून पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल घेतात. त्यात किमान 50 मतं पडावी लागतात, ‘नोटा’सकट सगळ्यांना, आणि मग ती पुसून टाकायची असतात. राज्यातल्या प्रत्येक पक्षाला मत पडताना शांतपणे पाहणारा आणि लगेच ते विसरणारा हाच तो माणूस. त्यानं शाई लावली की लोकशाही, त्यानं तोंड उघडलं की राजकारण!

शिवाय राज्यघटनेनं शिक्षकांना स्वतंत्र आमदार दिलेत. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघाच्या. म्हणजे सरांनी राजकीय मत बाळगावं, अशी घटनेचीच इच्छा दिसते. फक्त ते सहा वर्षांतून एकदा, आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेनानं, पसंतीक्रम घालून व्यक्त करावं आणि पेन तिथेच ठेवून यावं. प्राथमिक शिक्षकांना तर या मतदारसंघात मतच नाही. लहान मुलांच्या सहवासात माणूस प्रश्न विचारायला लागतो, ही भीती असावी.

मुलांचं म्हणाल, तर त्यांना राजकारणापासून दूर ठेवण्यात कसूर नाही. 2024 च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांचं पत्र शाळेतून घरोघरी गेलं आणि पालकांसह पत्राबरोबर सेल्फी काढून अपलोड करा, असा निरोप आला. निवडणुकीआधी आईवडिलांच्या सहीचं मतदानाचं संकल्पपत्र दप्तरातून गेलं नि आलं. मंत्रिमहोदय तालुक्याला आले तेव्हा लेझीमपथक उन्हात दोन तास उभं होतं. हे राजकारण नव्हे, हे उपक्रम. दोन्हींतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. ज्याचा फोटो त्याच दिवशी पोर्टलवर चढवावा लागतो तो उपक्रम. ज्याचा व्हिडिओ मागच्या बाकावरून कुणीतरी चोरून काढतं ते राजकारण.

शिक्षकाच्या तटस्थतेचा कस 2025 मध्ये लागला. 16 एप्रिलला शासन निर्णय आला: पहिलीपासून हिंदी अनिवार्य. 17 जूनला दुसरा आला: अनिवार्य नाही, पण सर्वसाधारणपणे हिंदीच. 29 जूनला दोन्ही रद्द. अडीच महिन्यांत तीन भूमिका, आणि तिन्ही वेळा शिक्षकांची भूमिका शासनाच्या भूमिकेशी तंतोतंत जुळली. इतका निःपक्षपाती माणूस न्यायालयातही सापडायचा नाही.

इंग्रजांचा कारभार या बाबतीत सरळ होता. 1907 साली रिस्ले परिपत्रक काढून त्यांनी शिक्षक आणि विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीपासून दूर राहण्याचं फर्मान सोडलं. आपल्याविरुद्ध बोलू नका, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. राष्ट्रीय शिक्षण देणारं प्रा. विजापूरकरांचं तळेगावचं समर्थ विद्यालय त्यांनी 1910 मध्ये बंदच करून टाकलं. टिळक न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवत. आज पालकसभेत त्यांच्यावर पोर्शन मागे ठेवल्याचा ठपका आला असता. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून 1930 च्या सत्याग्रहात उतरले नि तुरुंगात गेले. या सगळ्यांच्या तसबिरी शाळेच्या व्हरांड्यात लागल्या आहेत. पुण्यतिथीला अध्यक्षसाहेब हार घालतात आणि म्हणतात, मुलांनो, यांच्यासारखे व्हा. मग सरांकडे वळून हळूच म्हणतात, तुम्ही नको.

इथवर वाचून मतवाल्या सरांची कॉलर ताठ झाली असेल, तर ती खाली करावी. तेही आमच्या माहितीचे आहेत. प्रकाशाचं अपवर्तन शिकवता शिकवता ते देशाचं वाटोळं कुणी केलं यावर घसरतात. त्यांचा अभ्यास पहाटे सहाला आलेल्या फॉरवर्डचा, आणि पहिल्या तासाला तोच ताजा ताजा वर्गात वाढला जातो. चाळीस मुलं माना डोलावतात. सरांना वाटतं, पोरं जागृत झाली. पोरांना ठाऊक असतं, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कुणाच्या हातात आहेत. वर्गातलं मत आणि चहाच्या टपरीवरचं मत यांत फरक हाच. टपरीवर समोरचा ‘उगाच फेकू नका’ म्हणून उठून जातो. वर्गात उठायला घंटा व्हावी लागते.

जर्मनीत या प्रश्नाचा निकाल लावायचा एक प्रयत्न झाला. शिक्षकांच्या हातून काय काय होऊ शकतं, हे त्या देशानं हिटलरच्या काळात पुरेपूर पाहिलं होतं. 1976 साली स्टुटगार्टजवळच्या बॉयटेल्सबाख गावी जाणकार जमले, वाद घालत बसले आणि त्यातून तीन सूत्रं निघाली. मुलांवर मत लादून त्यांना दबवायचं नाही. बाहेर ज्यावर वाद आहे ते वर्गात वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि स्वतःचं हित कशात आहे, हे तपासायला मुलाला शिकवायचं. शिक्षकानं तोंडाला कुलूप लावावं, असं त्यात कुठेही नाही. आपल्याकडे हे जमणार नाही, कारण यातल्या कशाचाही फोटो पोर्टलवर चढवता येत नाही.

तरीही सरांना आमची एक सूचना आहे, परिपत्रकाविना. मत असेल तर सांगा, नसेल तर सांगू नका, पण सांगितलंत तर त्याच्या विरुद्ध मताची बाजू तितक्याच जोरानं स्वतः मांडून दाखवा. मग एखाद्या पोरीला उठून म्हणू द्या, “सर, मला पटत नाही.” ती चुकली तर का चुकली ते सांगा, तुम्ही चुकलात तर तेही सांगा, आणि अंतर्गत गुण पूर्ण द्या. शिक्षकाचं मत वर्गात चालेल की नाही, हे त्या गुणांवरून कळेल. मत कुठल्या पक्षाचं होतं, यावरून नाही.

अर्थात याला मंजुरी मिळणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. दहावीतली ही पोरं तीन वर्षांत मतदार होतात. ‘मला पटत नाही’ म्हणायची सवय त्यांना शाळेतच लागली, तर उद्या प्रचारसभेच्या गाड्या भरायच्या कुणी?