नुसतं डोकं ठेवायचे 80 हजार

"टीचर, त्या पीटर थीलचं कळलं का?"

केळीची वाळकी पानं छाटणारा कोयता थांबला. "पेपॅलवाला ना? त्याचं आमचा धाकटा फोनवर सांगत असतो. सॅन फ्रान्सिस्कोत चार व्याख्यानं दिली म्हणे, ख्रिस्तविरोधी येतोय, सांभाळा म्हणून."

"हो, 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. आतलं बाहेर बोलायचं नाही अशी अट होती. आणि थोड्याच दिवसांत सगळं पेपरात."

"अट घातली म्हणजे फुटणारच. आमच्या महिला मंडळात दुसरं काय होतं?"

आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये अडुळशाचं कुंपण आहे, कमरेइतकं. ते वाढू द्यायचं नाही, हे दोघींनी न बोलता ठरवलेलं. पलीकडे टीचर, वसईच्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या, रविवारची मिस्सा न चुकवणाऱ्या. अलीकडे मी, चतुर्थी करणारी, पण नाताळच्या फराळावर हक्क सांगणारी.

"खरी गंमत पुढेच आहे," मी म्हटलं. "हाच गृहस्थ मेल्यावर देह गोठवून ठेवायला नाव नोंदवून बसलाय. ॲरिझोनात स्कॉट्सडेलला अल्कोर नावाची संस्था आहे. पुढंमागं विज्ञानाला जमलं की जिवंत करतील म्हणून. अख्ख्या देहाचे 2 लाख डॉलरच्या वर, नुसतं डोकं ठेवायचे 80 हजार. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, डोकं खाली, पाय वर. गळती लागलीच तर डोकं सगळ्यात शेवटी उघडं पडावं म्हणून."

"वटवाघळासारखे?"

"हो. 1967 साली गोठवलेले एक प्राध्यापक अजून तिथंच आहेत."

टीचरांनी कोयता केळीच्या खोडात रोवला. म्हणजे आता बराच वेळ जाणार. "आणि हा स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो ना? मग दर रविवारी आम्ही देहाचं पुनरुत्थान होईल असं मोठ्यानं म्हणतो, ते यानं ऐकलं नाही का? फुकट मिळायचंय त्याचे पैसे का भरतोय?"

थीलची बाजू मला घ्यावी लागली. त्यानं न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की सनातनी ख्रिस्ती माणसाची या अमरपणाच्या खटपटीबद्दल तक्रार काय, तर ती पुरेशी लांब जात नाही. नुसता देह बदलते, आत्मा बदलायचा राहूनच जातो.

"हे मात्र बरोबर बोलला," टीचर म्हणाल्या. त्यांना ते बरोबर बोललेलं आवडलेलं दिसलं नाही.

मी आणखी डिवचलं. देह जपून ठेवायचं वेड काय अमेरिकेतच आहे? जुन्या गोव्यात काय आहे मग? फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारले आणि देह आजही बॉम जीझसच्या बासिलिकात. दर दहा वर्षांनी दर्शनाला खाली आणतात. मागच्या खेपेला, नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025, टीचर स्वतः जाऊन आल्या. मला काजू आणले होते, म्हणून पक्कं लक्षात आहे.

"जपतो, वहिनी. पण काय काय करून ठेवलंय तेही बघा. उजवा हात 1614 साली कापून रोमला नेला. पायाचं एक बोट कुणा बाईनं चावून पळवलं म्हणतात. अल्कोरवाल्यांनी असं केलं तर गिऱ्हाईक कोर्टात जाईल. झेवियर सायबाचा देह दुरुस्त करून चालू करायचा आहे म्हणून आम्ही ठेवलेलाच नाही. उठवणारा वेगळा आहे. त्याला एक हात कमी पडला म्हणून काही अडत नाही."

आतून खोकल्याचा आवाज आला. टीचरांच्या सासूबाई. त्यांच्या पेसमेकरची बॅटरी संपत आलीय. आणि बॅटरी बदलायची म्हणजे छातीतली ती डबीच नवी बसवतात, वायरी त्याच राहतात. घरात दोन तट पडले. थोरल्या दिराचं म्हणणं, या वयात कशाला चिरफाड. टीचरांना धास्ती की नको म्हणालो तर पाप लागेल. शेवटी फादरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, बारावे पायस पोप 1957 सालीच डॉक्टरांपुढं बोलून गेलेत: जीव टिकवायला नेहमीचे उपाय करावेत, झेपणार नाहीत असे उपाय करायची सक्ती नाही. दोन्हींकडून मोकळीक. मग सासूबाईंनीच निकाल दिला, "बदला. मला नातीचं लग्न बघायचंय."

"बघा, यंत्राला आमची ना नाहीच," टीचर म्हणाल्या. "वायर छातीत असू दे नाहीतर कानात."

"पण टीचर, आमच्याकडे माझ्या काकांचा पेसमेकर जाळण्याआधी काढून घ्यावा लागला होता. नाहीतर आगीत फुटतो. तुमच्यात पुरतात, म्हणजे तो तसाच मातीत. मग शेवटच्या दिवशी आई उठतील त्या पेसमेकरसकट?"

मला वाटलं, हसतील. पण शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही.

"असले प्रश्न संत ऑगस्टीनला सोळाशे वर्षांपूर्वी लोकांनी विचारून झालेत. आयुष्यभर कापलेली नखं आणि केस परत येणार का? लठ्ठ माणूस लठ्ठच उठणार का? माणसानं माणूस खाल्ला असेल तर ते मांस कुणाचं? तान्हं मूल मेलं तर तान्हंच उठणार का? त्यानं प्रत्येकाला उत्तर दिलंय. तान्ही मुलं वाढलेली उठतील, सगळे साधारण तिशीच्या भरात असतील, बाई बाई म्हणूनच उठेल. व्यंग राहणार नाही. मात्र धर्मासाठी छळ सोसलेल्यांचे व्रण राहतील, असं त्याला वाटायचं. विद्रूप म्हणून नाही, मान म्हणून."

"व्रण कशाला ठेवायचे? नवा देह तर चकचकीत नको?"

"येशूचाच नव्हता. थॉमसनं काय बघायला मागितलं होतं? खिळ्यांच्या खुणा. मेलेला उठून आला, बंद दारातून आत आला, तरी हातातली भोकं तशीच. हे अमेरिकेतले लोक जे शोधताहेत त्यात खुणेला जागाच नाही. सगळं पुसायचं, मग मन उचलून संगणकात भरायचं. ज्या देहानं पोरं उचलली, रांधलं, मार खाल्ला, तो काय नुसतं खोकं होता?"

मला एकदम अश्वत्थामा आठवला. जन्मतःच कपाळात मणी. तहान-भूक नाही, रोग नाही, शस्त्राचं भय नाही. आज लोक बसवून घ्यायला निघालेत ते त्याला वरूनच बसवून आलं होतं. तो मणी काढून घेतला, मरण मात्र दिलं नाही. अजून नर्मदेकाठी परिक्रमावाल्यांकडे जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. मी हे बोलले तेव्हा टीचरांचे डोळे चमकले. त्यांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवलंय.

"येशू आणि अश्वत्थामा, दोघंही मरत नाहीत, दोघांनाही जखम," त्या म्हणाल्या. "मग एकाची पुजायची आणि दुसऱ्याची भळभळती, असं का?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. अश्वत्थाम्यानं रात्री झोपेत पोरं मारली होती. ती जखम कुठल्या डॉक्टरला शिवता आली असती? थीलचं ते आत्म्याबद्दलचं वाक्य मला तेव्हा कुठं कळलं, आणि तरीही तो नाव नोंदवून बसलाय याचं नवल वाढलंच.

"यापेक्षा आमचा फ्योदोरोव परवडला," टीचर म्हणाल्या.

"तुमचा कसा? तो रशियन ना?"

"ख्रिस्ती तर होता. मॉस्कोत ग्रंथपाल. ट्रंकेवर झोपायचा, चहा-पाव खायचा, पगार वाटून टाकायचा. 1903 साली गेला. त्याचं म्हणणं, मरण हा शत्रू आहे तर माणसांनी हातपाय हलवावेत, विज्ञान त्यासाठीच आहे. पण अट काय घातली? आधी मेलेल्यांना उठवा. पोरांनी बापांना, त्या बापांनी त्यांच्या बापांना, थेट आदमापर्यंत. आपण तेवढे अमर आणि ज्यांच्या जिवावर वाढलो ते मातीत, हा त्याला अन्याय वाटायचा."

"एवढे उठल्यावर राहणार कुठे?"

"दुसऱ्या ग्रहांवर! हसू नका. त्याच्या ग्रंथालयात एक बहिरा मुलगा वाचायला येई, त्याला हा पुस्तकं काढून देई. तो पुढं रॉकेटचं गणित मांडणारा त्सिओल्कोव्स्की."

फ्योदोरोव ख्रिस्ती म्हणून चुकला असेल. देवाचं काम स्वतःकडे घेतलं, असं त्याच्यावर बोललं गेलंच. पण यादीतून कुणाला गाळलं नाही त्यानं. अमेरिकन संशोधक रे कर्झवाइलची गोष्ट याच्याजवळ ठेवली की मला वाईट वाटतं. तो 2045पर्यंत माणूस आणि यंत्र एक होणार म्हणतो, एके काळी दिवसाला दोनशेच्या वर गोळ्या घ्यायचा, हे सगळं ठीक. पण 1970 साली वारलेल्या वडिलांचे कागद त्यानं खोक्यांमधून जपलेत, आणि त्यातून वडिलांसारखा बोलणारा प्रोग्रॅम करवून घेतलाय. बाप परत हवाय. फ्योदोरोवला तो पोरगा लगेच ओळखू आला असता.

मग गाडी वळली ती कपाळावरच्या शिक्क्यावर. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात उजव्या हातावर किंवा कपाळावर शिक्का घेतल्याशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही असं आहे, आणि तिथंच तो 666 आकडा. त्यामुळे कोविडच्या लशीत चिप आहे म्हणून घाबरलेले होते, मिझोराममध्ये आधारकार्ड नको म्हणणारेही निघाले. टीचर यावर फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शिक्का सुईतून येत नाही. ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, तिथं बघावा."

"मग ते न्यूरालिंकचं यंत्र? जानेवारी 2024मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलं. खांद्यांखाली काही हलत नाही बिचाऱ्याचं, आता नुसत्या विचारानं बुद्धिबळ खेळतो."

"चांगलंच आहे! लुळ्या माणसाला त्याच्या दोस्तांनी छप्पर फोडून येशूपुढं सोडला होता. इथं कवटी उघडली, एवढंच. पण उद्या धडधाकट माणूस पुढं जायला म्हणून तेच बसवून घेईल. मग त्याच्या शेजारच्या टेबलावरच्याला नोकरी टिकवायला घ्यावंच लागेल. तिथं मला नको वाटतं."

"रेघ कुठं मारायची मग? चष्मा चालतो, मोतीबिंदूची लेन्स चालते."

"ती मला मारता येत नाही," टीचर म्हणाल्या. "व्हॅटिकननं जानेवारी 2025मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर लांबलचक टिपण काढलंय. बुद्धी म्हणजे नुसती कामं उरकणं नव्हे, ती देहाला आणि नात्यांना धरून असते, असं. वाचलं मी. पण चष्म्यापुढची रेघ काही हाती लागली नाही."

"आणि सगळ्यांना मिळालं तर? रेशनवर? दोनशे वर्षं आयुष्य. घ्याल?"

टीचरांनी घराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "दोनशे वर्षं? याच घरात?"

"मला ऐकू येतं गं," आतून आवाज आला. "कानात मशीन आहे माझ्या."

टीचर जीभ चावून सावरल्या आणि मोठ्यानं, आतपर्यंत पोहोचेल असं सांगू लागल्या. येशूलाही लोकांनी असंच कोड्यात धरलं होतं. एका बाईचा नवरा मेला, रिवाजाप्रमाणे दिराशी लग्न लागलं, तोही मेला, असे सातही भाऊ झाले, शेवटी बाई मेली. पुनरुत्थान झाल्यावर ती कुणाची बायको? येशू म्हणाला, तिथं लग्न करणं नाही आणि लग्नात देणंही नाही. म्हणजे हेच आयुष्य पुढं ओढलेलं नाही ते. दोनशे वर्षांचं रेशन आणि ते, यांचा काही संबंधच नाही.

सासूबाई काठी टेकत ओट्यावर आल्या होत्या.

"सात भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि तिला कुणी विचारलं का, तुला यातला एक तरी परत हवाय का म्हणून?"