मावा सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत (भेस्तान व परिसरासाठी)

मावा सोडण्याची पहिली अट म्हणजे मावा सुरू असणे. भेस्तानात या अटीवर सहसा कोणाचे अडत नाही. सुरतेजवळच्या, उधना आणि सचिन यांच्या मधल्या या भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी येत राहिली आहेत. मिल आणि लूमच्या कामात बारा तासांची पाळी नवलाची नाही. रातपाळीला पहाटे तीनच्या सुमारास डोळा लागू लागला की माणसाला शौक नको असतो, जाग हवी असते. मावा बहुधा हत्यार म्हणून हातात येतो, सवय म्हणून तो नंतर ओळखला जातो.

कृती सर्वांना पाठ असली तरी पद्धतीसाठी नोंदवणे आवश्यक आहे. गल्लेवाला, म्हणजे पानटपरीवाला, प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यावर सुपारीचे कातरण आणि तंबाखू घेतो, त्यावर चुना सोडतो, पुरचुंडी वळतो आणि दोन्ही तळव्यांत खसाखसा चोळून देतो. चुना नुसता चवीसाठी नसतो. त्याच्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून लवकर रक्तात उतरते. गुजरातने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, पण डोळ्यांदेखत कालवल्या जाणाऱ्या माव्याला कारखाना नाही, छाप नाही. तंबाखूच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागा धोक्याच्या सचित्र इशाऱ्याला द्यावी लागते आणि 2018 पासून 1800-11-2356 हा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांकही छापावा लागतो. प्लास्टिकच्या पुरचुंडीवर यातले काहीच नसते. सरकारने केलेला सगळा उपदेश पाकिटासोबत गल्लेवाल्याकडेच राहतो.

सोडण्याच्या अवस्थांचा अभ्यास अमेरिकेत प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी 1983 साली, सिगारेट आपली आपण सोडू पाहणाऱ्या लोकांवर केला. त्यांची पहिली अवस्था म्हणजे विचारच नसणे. भेस्तानात ती पूर्वजांच्या आधाराने पार पाडावी. प्रत्येक घराण्यात तंबाखू मळून ऐंशी वर्षे जगलेले एक आजोबा असतात. लवकर गेलेल्या आजोबांचा दाखला देण्याची पद्धत नाही.

दुसरी अवस्था विचाराची. ती घाईने उरकू नये, कित्येक वर्षे आरामात चालते. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातील 28.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक सोडण्याच्या विचारात होते. म्हणजे देशात विचाराचा तुटवडा मुळीच नाही.

मग मुहूर्त. पाडवा सोयीचा, कारण त्या दिवशी सगळेच काहीतरी ठरवत असतात आणि कोणी कोणाला विचारत नाही. अखाजी (अक्षय तृतीया) टाळावी, खानदेशात त्या दिवशी पत्त्यांचा डाव बसतो आणि डावावर मोकळ्या तोंडाने बसणारा माणूस विनाकारण संशयास्पद ठरतो. श्रावण उत्तम मानला जातो. कानबाई देवीच्या रोटांच्या दिवसांत घरात सोवळे असते आणि बायकोची नजर दुप्पट असते. मात्र महिना संपताच संकल्पही संपला असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. उधारी आधी चुकती करावी, पण स्वतः जाऊन नव्हे. हिशेब मिटवायला गेलेला माणूस बहुधा नवा हिशेब सुरू करून येतो. रक्कम मुलाच्या हाती न देता घरच्या थोरल्या बाईच्या हाती पाठवावी, गल्लेवालाही तिला वचकून असतो.

प्रत्यक्ष सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, डोके दुखते, झोप बिघडते. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. या काळात निश्चयावर विसंबणाऱ्याचे हात त्याला दगा देतात. जेवण झाले की हात आपोआप वरच्या खिशाकडे जातो आणि खिसा रिकामा आहे हे डोक्याला मागाहून कळते. म्हणून हुशार माणूस स्वतःला बदलण्याच्या भरीस न पडता रस्ता बदलतो: गल्ल्यावरून जाणारी वाट सोडतो, चहाची वेळ आणि सोबती बदलतो, जमल्यास काही दिवस दिवसपाळी मागून घेतो. यात वीरश्री काहीच नाही, आणि म्हणूनच ते चालते.

लोकप्रिय चूक अशी की तंबाखू वगळून नुसती सुपारी चघळायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच सुपारी स्वतःहून कर्करोगकारक ठरवली आहे. तोंड आखडण्याच्या आजाराचे मुख्य कारणही तीच. चोराला हाकलून त्याच्या भावाला ओसरीवर झोपायला जागा दिल्यासारखे हे होते. लवंग किंवा बडीशेप चालते. ती कुणाला फारशी आवडत नाही, हा तिचा गुणच.

पुन्हा सुरू होणे हा पद्धतीचा अधिकृत भाग आहे. त्यासाठी खानदेशातले उन्हाळ्यातले लग्न पुरेसे ठरते. हळदीच्या मांडवात मेहुणा तळहात पुढे करतो आणि नाही म्हणणे हा त्याचा अपमान होतो. उधन्याला परतेपर्यंत गाडीतच जुना क्रम बसतो. प्रोचास्कांच्या मांडणीत अशी घसरण अपेक्षितच आहे. बहुतेक जण एकाहून अधिक फेऱ्यांनंतर सुटतात. भेस्तानात मात्र पहिल्या फेरीनंतरच ‘आपल्याच्याने व्हायचे नाही’ हा निकाल जाहीर होतो, आणि मेहुण्यावर कोणी बोट ठेवत नाही.

एकवीस दिवसांत सवय मोडते, ही समजूत फेकून द्यावी. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ मोजला, तर मधला आकडा 66 दिवसांचा आला. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. लवंग हाताला लागेपर्यंत म्हणूनच एखादा श्रावण पुरत नाही.

शेवटी मोजमाप. आपली तीन बोटे उभी जोडून तोंडात सरळ जातात का, हे आरशासमोर पाहावे. दोनच गेली तर दातांच्या डॉक्टरकडे जावे, मुहूर्ताची वाट न पाहता. आखडलेले तोंड मावा बंद केल्यावरही पूर्ण मोकळे होईलच असे नाही, म्हणून सोडून वर्षे झाली तरी ही तपासणी चालू ठेवावी. मेहुण्याचीही करून घ्यावी.